समुद्री पाणमांजरं कमी का होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्यात गुंतलेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: 'पाणमांजरं का घटली' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कुठल्या किनाऱ्यावरची आणि कुठल्या वर्षांतली, हे सांगितल्याशिवाय दिलेलं कुठलंही उत्तर अर्धवट समजावं.

1. समुद्री पाणमांजर म्हणजे काय? आपल्या खाडीत दिसतं तेच का?

ते नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत, खारफुटीत दिसणारं पाणमांजर (काही ठिकाणी 'ऊद' किंवा 'हूद') खाऱ्या पाण्यात पोहत असलं तरी झोपायला, पिल्लं घालायला जमिनीवर येतं. समुद्री पाणमांजर, शास्त्रीय नाव एनहायड्रा ल्युट्रिस, फक्त उत्तर पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यांवर आढळतं. खाणं, झोपणं, विणं, जवळपास सगळं पाण्यातच. नर 45 किलोपर्यंत भरतो. दोघंही विझल आणि बॅजरच्या कुळातली, म्हणजे नावात मांजर असलं तरी मांजराशी नातं नाही. (उदमांजर हा तर तिसराच प्राणी.) मांजराचा या गोष्टीशी संबंध येतो तो वेगळ्याच वाटेने. प्रश्न 11 पाहा.

2. एकूण किती आहेत आणि कुठे?

शिकारीचा काळ सुरू होण्यापूर्वी जपानच्या होक्काइदोपासून कुरील बेटं, कामचात्का, अल्युशियन बेटं, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा ते मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत त्यांची सलग कमान होती. संख्येचा अंदाज दीड ते तीन लाख. आज एकूण संख्या एक लाखाच्या वर आहे, पण ती तुकड्यातुकड्यांत आहे. तीन उपजाती आहेत: रशियाच्या बाजूची, अलास्का ते वॉशिंग्टन पट्ट्यातली उत्तरी, आणि मध्य कॅलिफोर्नियातली दक्षिणी. दक्षिणी उपजात सगळ्यात लहान, सुमारे 3,000.

3. एक लाखाच्या वर असतील तर 'घटताहेत' असं का म्हणतात?

कारण बेरीज फसवते. आग्नेय अलास्कात संख्या वाढत गेली त्याच काळात नैर्ऋत्य अलास्कात ती कोसळली. दोन्ही एकत्र केलं की काहीच झालं नाही असं दिसेल. शिवाय हा प्राणी फारसा स्थलांतर करत नाही. मादी बहुधा किनाऱ्याच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यातच आयुष्य काढते. एका बेटाभोवतीची पाणमांजरं संपली तर शेजारच्या बेटावरची लगेच तिथे येत नाहीत. म्हणून हिशेब किनाऱ्यागणिक मांडावा लागतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात 'संकटग्रस्त' आहे.

4. पहिली मोठी घट कशामुळे झाली?

कातड्यामुळे. या कारणाबद्दल कुणाचंही दुमत नाही. 1741 मध्ये बेरिंगची रशियन मोहीम कमांडर बेटांवर अडकली. वाचलेले खलाशी परतले ते पाणमांजरांची कातडी घेऊन, आणि त्यानंतर 170 वर्षं कत्तल चालली. 1911 मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांच्यात फर सीलबाबत करार झाला. त्यातच समुद्री पाणमांजरालाही संरक्षण मिळालं. तोवर 13 विखुरलेल्या वस्त्यांत मिळून जेमतेम 1,000 ते 2,000 उरली होती. कॅलिफोर्नियात तर ती नामशेष झाली असाच समज होता. 1938 मध्ये बिग सरजवळ बिक्सबी क्रीकच्या मुखाशी सुमारे 50 चा कळप जगाला कळला. आजची सगळी दक्षिणी पाणमांजरं त्या मूठभरांची वंशज आहेत, त्यामुळे त्यांच्यात जनुकीय विविधता फार कमी आहे.

5. हा प्राणी इतका नाजूक का?

व्हेल, सील यांच्यासारखा चरबीचा थर याला नाही. ऊब राखायला आहे ती फक्त फर: दर चौरस सेंटिमीटरला दीड लाखापर्यंत केस आणि त्यात अडकलेली हवा. शरीराची भट्टीही सतत पेटती ठेवावी लागते. त्यासाठी रोज स्वतःच्या वजनाच्या 20 ते 30 टक्के अन्न लागतं. 25 किलोच्या मादीला रोज 5 ते 7 किलो तिसऱ्या, शिणाणे, खेकडे, सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) हवेत. दोन-तीन दिवस आजाराने शिकार चुकली की प्राणी खंगतो. वर प्रजनन मंद: मादी तीन-चार वर्षांची झाल्यावर एका वेळी एक पिल्लू, साधारण वर्षाला एक. त्यामुळे प्रौढ माद्यांचा मृत्युदर थोडा जरी वाढला तरी वाढ थांबते.

6. अल्युशियन बेटांवर नेमकं काय झालं?

गेल्या शंभर वर्षांतली ही सगळ्यात मोठी घसरण. 1980 च्या दशकात अल्युशियन साखळीत पाणमांजरं भरपूर होती. 1992 आणि 2000 या दोन हवाई गणनांच्या मधल्या आठ वर्षांत संख्या सुमारे 70 टक्क्यांनी खाली आली. 2005 मध्ये नैर्ऋत्य अलास्काच्या समूहाला अमेरिकी कायद्याने 'धोक्यात' म्हणून नोंदवलं.

संशोधकांनी एकेक शक्यता कशी खोडली ते पाहण्यासारखं आहे.

उपासमार? नाही. उरलेली पाणमांजरं धष्टपुष्ट होती आणि त्यांचं खाद्य, म्हणजे सी-अर्चिन, कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. प्रजनन बिघडलं? नाही, माद्या नेहमीच्या दराने विणत होत्या. स्थलांतर? मग शेजारी कुठेतरी संख्या वाढायला हवी होती. ती शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच वेळी घटली. रोग किंवा विष? मग किनाऱ्यावर मृतदेह सापडले असते. ते जवळपास सापडलेच नाहीत.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात बोलका. प्राणी मरतात पण देह मागे राहत नाही, म्हणजे कुणीतरी ते अख्खे खात असणार. संशय ऑर्कांवर (म्हणजे किलर व्हेलवर) गेला. 1991 पासून पाणमांजरांवरचे त्यांचे हल्ले प्रत्यक्ष दिसू लागले होते. मग अडाक बेटावर निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवलेला सापडला. तिथे क्लॅम लगून नावाचं खाजण आहे. त्याचं तोंड अरुंद आणि उथळ, ऑर्काला आत शिरता येत नाही. शेजारचा कुलुक उपसागर उघडा. 1990 च्या दशकात कुलुकमध्ये संख्या सुमारे 76 टक्क्यांनी घटली. क्लॅम लगूनमध्ये ती जवळपास तशीच राहिली. पाणी तेच, हवामान तेच, खाद्य तेच. फरक फक्त दाराचा.

1998 मध्ये संशोधक जिम एस्टेस आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा त्यातलं एक गणित गाजलं. केवळ पाणमांजरं खाऊन जगणाऱ्या एका ऑर्काला दिवसाला 5, म्हणजे वर्षाला 1,825 लागतील. घटलेली सुमारे 40,000 पाणमांजरं सहा वर्षांवर वाटली तर अवघे 3.7 ऑर्का पुरतात. म्हणजे शेकडो ऑर्कांनी सवय बदलायची गरज नव्हती, एखाद्या कुटुंबाने बदलली तरी पुरे.

7. पण ऑर्का आधीपासून तिथे होतेच. मग अचानक पाणमांजरं का खाऊ लागले?

इथे वाद आहे. एका मांडणीनुसार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिक व्हेलमारीने मोठे व्हेल संपवले, मग ऑर्का क्रमाने हार्बर सील, फर सील, स्टेलर सी-लायन आणि शेवटी पाणमांजर अशा उतरत्या भाजणीने लहान शिकारीकडे वळले. 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाल्यापासून तिच्यावर टीका होत आली आहे. ऑर्का मोठ्या व्हेलवर मुळात किती अवलंबून होते, आणि घसरणींचा क्रम खरंच तसा लागतो का, हे आक्षेप दमदार आहेत. सी-लायनची घट माशांच्या बदललेल्या उपलब्धतेमुळे झाली असंही मत आहे. आमच्या मते ऑर्कांनी पाणमांजरं खाल्ली याचा पुरावा भक्कम आहे. का खाल्ली, याचा तितका नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

8. एक्सॉन व्हाल्डेझच्या तेलगळतीचा वाटा किती?

त्या खाडीपुरता प्रचंड, अल्युशियनच्या घटीत शून्य. 24 मार्च 1989 रोजी अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये टँकर खडकावर चढला आणि सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. पाणमांजरांचे जवळपास 1,000 मृतदेह मिळाले. प्रत्यक्ष मृत्यू त्याहून बरेच जास्त धरले जातात.

तेलाने केसांचे पुंजके होतात, अडकलेली हवा निघून जाते आणि थंड पाणी थेट कातडीला भिडतं. गारठा हा पहिला मारेकरी. अंग साफ करायला प्राणी केस चाटतो आणि तेल पोटात जातं, यकृत-मूत्रपिंड निकामी होतात. ताज्या तेलाच्या वाफांनी फुप्फुसं फाटतात. पकडून धुतलेल्यांपैकीही बरीच दगावली, कारण बाहेरचं तेल निघतं, आतलं नाही.

तेल दिसेनासं झाल्यावरही वाळू-गोट्यांखाली ते वर्षानुवर्षं राहिलं. पाणमांजरं तिसऱ्यांसाठी तळ उकरतात, म्हणजे रोज थोडं तेल अंगावर घेतात. सगळ्यात जास्त तेल बसलेल्या भागात संख्या पूर्ववत व्हायला दोन दशकांहून जास्त लागली.

9. कॅलिफोर्नियात तर शिकारबंदी आहे, तेलगळतीही तशी झालेली नाही. मग संख्या 3,000 वरच का अडली?

इथे 'घट' पेक्षा 'अडणं' हा शब्द बरोबर. 1995 ते 1999 मध्ये गणना 2,377 वरून 2,090 वर आली, मग हळूहळू चढली. 2016 मध्ये निर्देशांक (तीन वर्षांची सरासरी, प्रश्न 19) 3,272 झाला, 2019 मध्ये पुन्हा 2,962.

पट्ट्याच्या मधल्या भागात, मॉन्टेरे ते बिग सर, जागा भरलेली आहे. खाद्य अपुरं, प्राणी दिवसाचा मोठा वेळ फक्त शोधण्यात घालवतात. उपाय एकच, टोकांकडे पसरणं. पण उत्तरेला आणि दक्षिणेला दोन्ही टोकांवर शार्क आहेत (प्रश्न 10). म्हणजे मध्ये उपासमार, बाजूला दात. याच्या मधोमध रोग आणि विषं आपापला वाटा उचलतात (प्रश्न 11 ते 14). यातलं एकच 'खरं कारण' म्हणून निवडणं चुकीचं आहे, कारण उपाशी प्राण्याला जंतूही लवकर धरतो आणि आजारी प्राणी शार्कच्या तावडीतही लवकर सापडतो.

10. शार्क पाणमांजरं खातात का?

खात नाहीत, आणि खरी चीड तीच आहे. ग्रेट व्हाइट शार्क चावा घेऊन सोडून देतो. त्याला हवी असते सीलची चरबी. पाणमांजरात मिळते ती फर आणि हाडं. पण एक चावाही बहुधा जीवघेणा ठरतो. 2000 नंतर चाव्यांचं प्रमाण इतकं वाढलं की पुढे सापडणाऱ्या मृतदेहांत निम्म्याहून अधिक शार्कने चावलेले निघू लागले.

चावणारे बहुतेक तरुण शार्क असावेत: माशांवरून सागरी सस्तन प्राण्यांकडे वळण्याच्या वयातले, अजून शिकार 'चाखून पाहणारे'. केल्पचं (तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणाऱ्या मोठ्या समुद्री शेवाळाचं) दाट छत असलेल्या पाण्यात चावे कमी होतात, कारण शार्क त्यात शिरायला नाखूश असतो. म्हणून केल्प विरळ झालं की पाणमांजरांचं छप्परच जातं. शार्कही संरक्षित आहे, तेव्हा शार्क मारण्याचा 'उपाय' सुचवू नये.

11. मांजरांमुळे पाणमांजरं मरतात हे खरं आहे का?

खरं आहे. दोष मांजराचा नाही, टोक्सोप्लाझ्मा गोंडाय या परजीवीचा आहे.

या परजीवीचं लैंगिक प्रजनन फक्त मार्जारकुळात होतं. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक-दोन आठवडे विष्ठेतून त्याची कोट्यवधी बीजं पडतात. बाहेर एक ते पाच दिवसांत ती संसर्गक्षम होतात. पावसाच्या पाण्याबरोबर नाले, नद्या, मग समुद्र. समुद्राच्या थंड पाण्यात ती महिनोन्‌महिने टिकतात. केल्पच्या पानांवरच्या चिकट थराला ती चिकटतात, तो थर खरवडून खाणाऱ्या गोगलगाईंत जमतात आणि गोगलगाई पाणमांजराच्या पोटात जातात. शिंपले तर पाणी गाळूनच जगतात, त्यांच्यातही साठा होतो. ज्या पाणमांजराचा आहार गोगलगाईंवर आहे त्याला लागणीचा धोका जास्त.

पुढे मेंदूला सूज, झटके, दिशाभूल, मृत्यू. पण लागण झालेली सगळीच मरत नाहीत. अनेक प्राणी लागण घेऊन जगतात. कुठला वाण आहे यावर बरंच अवलंबून. कॅलिफोर्नियात मृत्यूंशी जोडला गेलेला एक्स वाण त्याच पाणलोटातल्या भटक्या मांजरांत आणि बॉबकॅटमध्येही सापडला. 2023 मध्ये चार पाणमांजरांत आणखी एक दुर्मीळ आणि फार घातक वाण नोंदला गेला. त्यात मेंदूपेक्षा शरीरातल्या चरबीला जबर सूज होती.

12. मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहते, घरी मांजर आहे. मी काय करावं?

मांजराची वाळू संडासात टाकून फ्लश करू नका. सांडपाणी केंद्रातलं क्लोरिन ही बीजं मारत नाही. वाळू रोज काढा (बीजं संसर्गक्षम होण्याआधी), पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. वाळूच्या पाकिटावर फ्लश न करण्याची सूचना असते ती याचसाठी. कॅलिफोर्नियाने 2006 च्या कायद्याने ती सक्तीची केली. मांजर घरातच ठेवा. घरातलं, कच्चं मांस न खाणारं मांजर हा धोका जवळपास देतच नाही. अंगणात घाण झाली असेल तर पाइपने धुऊन नाल्यात ढकलू नका, उचला. नाल्यातलं पाणी बहुतेक ठिकाणी थेट समुद्राला मिळतं, प्रक्रियेला जात नाही.

13. ओपॉसमचा संबंध काय?

दुसऱ्या परजीवीशी, सार्कोसिस्टिस न्यूरोनाशी. त्याचा यजमान व्हर्जिनिया ओपॉसम (पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी), आणि हा प्राणी कॅलिफोर्नियाचा नव्हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी तिथे आणला. एप्रिल 2004 मध्ये मोरो बेजवळच्या 18 किलोमीटरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात 40 आजारी किंवा मृत पाणमांजरं मिळाली. मोठा पाऊस, नाल्यांतून आलेली घाण आणि वाळूत पुरलेल्या रेझर क्लॅम यांची साखळी जुळली होती. टोक्सोप्लाझ्मापेक्षा हा झपाट्याने मारतो. दोन्ही एकत्र असले तर आणखी वाईट.

14. शेवाळाचं विष कुठून येतं?

दोन वेगळी विषं आहेत, गल्लत करू नका.

डोमोइक आम्ल समुद्रातच तयार होतं, स्यूडो-नित्शिया नावाच्या डायटमपासून, म्हणजे एका सूक्ष्म एकपेशी शेवाळापासून. शिंपले आणि खेकड्यांत साठतं. मोठा डोस मेंदूवर घाव घालतो. थोडं थोडं वारंवार मिळत राहिलं तर हृदयाचा स्नायू खराब होतो आणि प्राणी काही महिन्यांनी हृदयविकाराने मरतो. समुद्र उबदार असलेल्या वर्षांत या शेवाळाची वाढ मोठी होते. 2015 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ती प्रचंड होती.

मायक्रोसिस्टिन मात्र गोड्या पाण्यातलं. तळ्यांत खतांचा निचरा होऊन निळं-हिरवं शेवाळ माजतं, विष ओढ्यांतून समुद्रात उतरतं, शिंपले ते कित्येक पट साठवतात. 2010 मध्ये मॉन्टेरे उपसागरातल्या 21 पाणमांजरांचे मृत्यू याच्याशी जोडले गेले. वॉटसनव्हिलचं पिंटो तळं हा ठळक उगम होता. यकृत सुजलेलं आणि रक्ताने भरलेलं मिळतं.

15. पिल्लू मोठं झाल्यावर आईच मरते असं ऐकलं. खरं?

हो. पिल्लाला जवळपास सहा महिने सांभाळावं लागतं, आणि शेवटी शेवटी आईची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते. त्या काळात ती स्वतःच्या शरीरातून देते. मधल्या, भरलेल्या पट्ट्यात तेवढं खाद्यच मिळत नाही. 2005 ते 2012 मध्ये तपासलेल्या 108 प्रौढ माद्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मृत्यूत या दुग्धक्षीणतेचा वाटा होता. त्यातच समागमाच्या वेळी नर मादीच्या नाकाला चावतो. क्षीण मादीची ती जखम चिघळते. मृत्यूच्या दाखल्यावर 'जंतुसंसर्ग' लागेल, मूळ कारण मात्र खाद्याची टंचाई.

16. मासेमारीची जाळी?

1970 च्या मध्यापासून 1980 च्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियातली वाढ थांबली त्यात तळाला लावलेल्या गिल जाळ्यांचा मोठा वाटा होता. श्वासासाठी वर यावं लागणारा प्राणी जाळ्यात अडकला की काही मिनिटांत बुडतो. टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि 2002 मध्ये पॉइंट रेयेस ते पॉइंट अर्ग्वेलोपर्यंत 60 फॅदम (सुमारे 110 मीटर) खोलीच्या आत अशी जाळी थांबली. हे कारण ओळखलं गेलं, कायदा झाला आणि परिणाम दिसला, अशी उदाहरणं या यादीत फार नाहीत. खेकड्यांच्या सापळ्यांची तोंडं रुंद असली तर पाणमांजर आत अडकण्याचा धोका राहतो.

17. कीटकनाशकं, पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरलेली विषारी रसायनं) यांचं काय?

कॅलिफोर्नियाच्या पाणमांजरांत डीडीटीचे अवशेष आणि पीसीबी सापडतात, बंदरांजवळ जहाजांच्या जुन्या रंगातली कथिलयुक्त रसायनंही. रोगाने मेलेल्यांत काही रसायनांचं प्रमाण जास्त दिसलं आहे. पण उपाशी प्राण्याची चरबी विरघळली की रसायनं रक्तात-यकृतात गोळा होतात, त्यामुळे आधी काय झालं ते ठरवणं अवघड. पूरक कारण म्हणा, मुख्य नव्हे.

18. मृत्यूचं कारण ठरवतात तरी कसं?

मृतदेह ताजा हवा, शक्यतो तीन दिवसांच्या आतला, आणि बर्फात थंड ठेवलेला. गोठवला तर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. आधी एक्स-रे: बंदुकीची गोळी किंवा शार्कच्या दाताचा तुकडा दिसतो. हाडावरच्या समांतर रेघांवरूनही शार्क ओळखता येतो. वय दाताच्या कापावरून. मग मेंदू, हृदय, यकृत, आतडी यांचे नमुने. आतड्याची भिंत भेदून पोटात शिरलेले काटेरी डोक्याचे कृमी इथेच सापडतात. वाळूतले छोटे खेकडे खाण्याची ती किंमत. डोमोइक आम्लासाठी मूत्र तपासतात. ते पाण्यात विरघळून लवकर निघून जातं, म्हणून 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा होत नाही.

मोठी चूक होते ती पुढे. सापडलेले मृतदेह म्हणजे सगळे मृत्यू नव्हेत. खोल समुद्राकडे वाहून गेलेली, निर्मनुष्य किनाऱ्यावर लागलेली मोजली जात नाहीत. अल्युशियनसारख्या ठिकाणी तर मृतदेहांवरून काढलेला निष्कर्ष उलटाच निघाला असता (प्रश्न 6).

19. यंदाची गणना कमी आली. म्हणजे संख्या घटली?

लगेच तसं म्हणू नका. कॅलिफोर्नियात किनाऱ्यावरून दुर्बिणीने आणि दुर्गम भागात विमानातून मोजतात. धुकं, लाटा, केल्पचं छत पातळ असणं यांनी आकडा हलतो. म्हणून तीन वर्षांची सरासरी हाच अधिकृत निर्देशांक. संरक्षित यादीतून काढण्याचा विचार करायलाही तो सलग तीन वर्षं 3,090 च्या वर राहावा लागतो.

20. 2013 नंतर समुद्र तापला, केल्प गेलं. मग पाणमांजरं उलट वाढली कशी?

हा अपवाद नीट समजून घ्यावा. 2013 पासून एका रोगाने तारामासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांचं खाद्य असलेले शिणाणे आणि सी-अर्चिन वाढले. पाठोपाठ 2014 ते 2016 ची उष्णतेची लाट आली. मॉन्टेरेजवळ पाणमांजरांना काही वर्षं सुगी लाभली आणि 2016 चा उच्चांक त्यातून आला. पण सुगी अर्धीच होती. केल्प संपलेल्या ओसाड तळावर जांभळे सी-अर्चिन हजारोंनी असतात, तरी ते उपाशी आणि आतून पोकळ. पाणमांजरं ते फोडायच्या फंदात पडत नाहीत. ती उरलेल्या केल्पमधले भरलेले अर्चिन खातात. म्हणजे ती उरलेलं जंगल राखतात, उजाड झालेलं परत आणत नाहीत.

21. दुसरीकडे नेऊन सोडली तर?

निकाल संमिश्र. 1965 ते 1969 मध्ये आग्नेय अलास्कात 412 सोडली, त्यांची आज 25,000 च्या वर झाली. त्यांतली बरीच अल्युशियन साखळीतल्या अम्चित्का बेटावरून आणलेली. त्याच बेटावर अमेरिकेने 1965 ते 1971 मध्ये तीन भूमिगत अणुचाचण्या केल्या आणि शेवटच्या चाचणीत शेकडो पाणमांजरं मेली. ब्रिटिश कोलंबियात 89, वॉशिंग्टनमध्ये 59 सोडली, दोन्हीकडे तग धरला. ऑरेगनमध्ये 93 सोडली, काही वर्षांत एकही उरलं नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटावर 1987 ते 1990 मध्ये सुमारे 140 नेली, तर बरीच पोहत परत निघाली. उरलेल्या थोड्यांपासून आज शंभरावर झाली आहेत. पकडून नेलेलं प्रौढ पाणमांजर घर शोधतं, हा धडा. मॉन्टेरे बे अक्वेरियममध्ये दत्तक माद्यांनी वाढवलेली अनाथ पिल्लं एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडली तेव्हा ती टिकली. तिथल्या वाढीत निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा आणि त्यांच्या संततीचा.

22. वाढली तर मच्छीमारांचं नुकसान होत नाही का?

होतं, आणि ते नाकारून चालत नाही. आग्नेय अलास्कात डंजनेस खेकडे, जिओडक (एक मोठा शिंपला) आणि समुद्री काकडी काढणाऱ्यांची बरीच क्षेत्रं बंद पडली. तिथे पाणमांजर हा 'परत आलेला' प्राणी. पण शंभर-दीडशे वर्षं त्याच्याविना वाढलेल्या शिंपल्यांवर हे धंदे उभे राहिले होते. 1972 च्या अमेरिकी कायद्यानुसार अलास्काच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांना निर्वाहासाठी आणि हस्तकलेसाठी शिकारीची मुभा आहे. इतर कुणालाही नाही.

23. मॉन्टेरेला जातोय. जवळून पाहिल्याने त्रास होतो का?

होतो. दचकून बुडी मारली, पिल्लू घेऊन पळ काढला, की तेवढी ऊर्जा गेली. दिवसातून दहा कयाक आले तर हिशेब मोठा होतो (प्रश्न 5 आणि 15). किमान पाच कयाकच्या लांबीइतकं, म्हणजे सुमारे 18 मीटर अंतर ठेवा. समोरून रोखून न जाता बाजूने, न थांबता जा. पाणमांजराने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही आधीच फार जवळ आहात, मागे व्हा. खायला काही देऊ नका. एकटं ओरडणारं पिल्लू दिसलं तर उचलू नका, आई बहुधा खाली खाद्य शोधत असते. वाळूवर पडलेलं, थरथरणारं किंवा मेलेलं दिसलं तर हात न लावता जागा नोंदवा, कुत्रा आवरा आणि अक्वेरियमला किंवा राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. जितक्या लवकर कळेल तितका तो मृतदेह तपासायला उपयोगी.